पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत

पॅसाडिना, १९७४

रात्र बरीच झाली आहे. कॅलटेकच्या आवारातले बहुतेक दिवे मालवले आहेत, पण सिमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत अजून जाग आहे. त्यांना रात्रीच काम करायला आवडतं. तुम्ही दारातून आत पाऊल टाकता आणि पहिल्यांदा जाणवतो तो वास: मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून केलेल्या खाद्याचा आंबूस, उबदार वास. बाटल्यांच्या तळाशी हे खाद्य थिजलेलं आहे, तोंडाला बोळे बसवले आहेत आणि आत शेकडो माश्या आहेत. केळी जास्त पिकली की त्यांच्यावर जी चिलटं जमतात, त्यांच्याच जातीच्या. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलानोगास्टर. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, आयुष्य साधारण दोन महिन्यांचं.

या प्रवासात तुम्हाला दोन मुभा आहेत. काळात हवं तिथे जाता येईल, आणि हवं तेवढं लहान होता येईल. कशालाही हात मात्र लावायचा नाही. बरोबर एकच प्रश्न घ्यायचा: धडा काही मिनिटांत संपतो, मग त्याची आठवण कित्येक दिवस टिकते ती कशाच्या जोरावर?

टेबलापाशी विल्यम क्विन आणि विल्यम हॅरिस उभे आहेत. समोर नळ्या, नळीच्या टोकाशी दिवा. माशी स्वभावानं उजेडाकडे धावते. एका नळीतल्या जाळीवर एक वास लावलेला आहे आणि त्या जाळीतून विजेचा झटका बसतो. दुसऱ्या नळीत वास वेगळा, झटका नाही. थोड्या वेळानं दोन्ही वास पुन्हा समोर येतात, या वेळी झटक्याशिवाय. आणि झटक्याच्या वासाकडे जाणं पुष्कळ माश्या टाळतात. सगळ्या नव्हे, साधारण एक तृतीयांश माश्यांच्या वागण्यात फरक पडलेला दिसतो. पण तेवढ्यानं सिद्ध होतं की माशी शिकते. कीटक म्हणजे उपजत सवयींचं यंत्र, असं मानणाऱ्या अनेकांना ही गोष्ट पटायला वेळ लागणार आहे.

बेंझर मूळचे भौतिकशास्त्राचे. विषाणूंमधल्या जनुकाची बारीक चिरफाड करून त्यांनी नाव कमावलं आणि मग वर्तनाकडे वळले. त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला महाकठीण: एकेका जनुकात बिघाड करायचा आणि कोणतं वागणं बिघडतं ते पाहायचं. याच प्रयोगशाळेत १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि बेंझर यांनी माशीचं दिवस-रात्रीचं भान चालवणारं जनुक शोधलं होतं. आता पाळी स्मृतीची.

दोन वर्षं पुढे सरका. नरांना उत्परिवर्तन घडवणारं रसायन साखरपाण्यातून पाजलं आहे, त्यांच्या वंशावळी वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवल्या आहेत आणि एकेक बाटली तपासली जात आहे. एका बाटलीतल्या माश्या चालतात, उजेडाकडे जातात, वास ओळखतात, झटका बसला की दचकतात. फक्त शिकत नाहीत. त्यांना ‘डन्स’ हे नाव मिळतं, म्हणजे ढ. यादिन दुदाई, क्विन, बेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध १९७६ चा. पाठोपाठ ‘रुटाबागा’, ‘ॲम्नेशियाक’, ‘रॅडिश’ अशा आणखी जाती येतात.

नावं गमतीची, पण त्यांच्यामागची रसायनं गंभीर निघतात. डन्सच्या जनुकातून एक एन्झाइम तयार होतं. पेशीतला सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू मोडणं हे त्याचं काम. रुटाबागाच्या जनुकातून निघणारं एन्झाइम तोच रेणू बनवतं. एकात तो रेणू साचून राहतो, दुसऱ्यात पुरेसा बनत नाही, आणि दोन्हीकडे स्मृती ढासळते. १९८४ पर्यंत हे उघड होतं. शिकण्याला पेशीत एक ठरावीक रासायनिक मार्ग आहे, हे माशीनं स्पष्टपणे सांगितलं.

पण हा धड्यानंतरच्या मिनिटांचा हिशेब झाला. दिवसांचा नाही.

कुलाबा, १९७८

पुढच्या मुक्कामी समुद्र आहे. मुंबईच्या दक्षिण टोकाला नेव्हीनगरमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, खिडकीबाहेर खारा वारा, आणि आत तोच आंबूस वास. ओबेद सिद्दीकी यांनी होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली इथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. बेंझर यांच्याबरोबर त्यांनी कॅलटेकमध्ये काम केलं आहे. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा दोघांचा निबंध १९७६ सालचा. आता त्यांच्यासोबत व्हेरोनिका रॉड्रिग्ज आहेत. जन्म केनियातला, आईवडील मूळचे गोव्याचे, आणि पीएच.डी.साठी त्या मुंबईला आल्या आहेत.

त्यांच्या हाताखालची काचेची नळी पुढे जाऊन दोन वाटांना फुटते. एका वाटेनं वास येतो, दुसरीनं साधी हवा. माशी कुठे वळते ते मोजायचं. कुठल्या जनुकात बिघाड झाला तर कुठला वास कळेनासा होतो, हे रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी शोधत आहेत. स्मृतीशी याचा संबंध थेट आहे. माशीच्या आठवणीची परीक्षा वासावरून घेतात. माशी वास विसरली की तिला तो मुळात आलाच नाही, हे वेगळं करता आलं नाही तर त्या परीक्षेला अर्थ उरत नाही. वास अँटेनातल्या चेतापेशींपासून मेंदूत कसा जातो, या प्रश्नावर मुंबईत आणि पुढे बंगळूरमध्ये अनेक वर्षं काम झालं. स्मृतीच्या अभ्यासाला लागणारा पाया त्यातून पक्का होत गेला.

प्रिन्स्टन, १९८५

इथे खोलीत फक्त मंद लाल उजेड आहे, कारण माशीला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. टिम टली आणि क्विन यांनी नवं यंत्र बनवलं आहे. आता लहान व्हा आणि माश्यांबरोबर आत चला.

तुम्ही एका नळीत आहात. पायांखाली, डोक्यावर, चहूबाजूंनी तांब्याची बारीक जाळी. आसपास शंभरेक माश्या. हवेचा झोत सुरू होतो आणि त्यातून एक उग्र वास येतो: ऑक्टॅनॉल. मिनिटभर तो वास, आणि त्या मिनिटात विजेचे बारा झटके. मग नुसती हवा. नंतर मिनिटभर दुसरा वास, मेथिलसायक्लोहेक्झॅनॉल, आणि या वेळी काहीही होत नाही. धडा संपला. एक सरकता कप्पा तुम्हाला सगळ्यांना खाली नेतो आणि एका फाट्यावर सोडतो. डावीकडून एक वास, उजवीकडून दुसरा. निवडायला दोन मिनिटं.

शंभरातल्या नव्वदहून अधिक माश्या बिनझटक्याच्या वासाकडे जातात. जुन्या प्रयोगातला एक तृतीयांशाचा फरक इथे जवळपास एकमतापर्यंत पोचला आहे. म्हणजे माशी पहिल्यापासून चांगलीच शिकत होती. तिला नीट विचारता येत नव्हतं.

पण काही तास थांबून पुन्हा विचारा. निवड डळमळीत होते. एका धड्याची आठवण दिवसभरात जवळपास विरून जाते.

कोल्ड स्प्रिंग हार्बर, १९९४

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, खाडीच्या काठी. या मुक्कामी जास्त वेळ काढायचा आहे.

टली आता इथे आहेत. समोर माश्यांचे दोन गट. दोघांनाही तोच धडा दहा वेळा द्यायचा आहे. पहिल्या गटाला दहा धडे एकामागून एक, मध्ये उसंत न देता. दुसऱ्या गटाला प्रत्येक धड्यानंतर पंधरा मिनिटांची विश्रांती. वास तेच, झटके तेवढेच, यंत्रही तेच. फरक फक्त रिकाम्या वेळाचा.

लगेच विचारलं तर दोन्ही गट हुशार. चार दिवसांनी या: उसंत न मिळालेल्या माश्यांची आठवण संपलेली असते. विश्रांती मिळालेल्यांची सातव्या दिवशीही शाबूत आहे. दोन महिन्यांच्या आयुष्यातले सात दिवस. माणसाच्या बाबतीत हाच अनुभव हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून नोंदवला होता: अंतर ठेवून केलेलं पाठांतर जास्त टिकतं. माश्यांमध्ये मात्र आता पुढचा प्रश्न विचारता येतो. का टिकतं?

टली आणि त्यांचे सहकारी माश्यांना सायक्लोहेक्सिमाइड पाजतात. हे रसायन पेशीला नवीन प्रथिनं बनवू देत नाही. घाईघाईनं दहा धडे घेतलेल्या माश्यांच्या आठवणीवर त्याचा परिणाम होत नाही. विश्रांती घेऊन शिकलेल्या माश्यांची दीर्घकाळ टिकणारी आठवण मात्र तयारच होत नाही. म्हणजे दोन आठवणींच्या जाती वेगळ्या आहेत. एक पेशीत आधीपासून असलेल्या सामग्रीवर चालते. दुसरीला नवीन प्रथिनं लागतात, आणि नवीन प्रथिनं हवीत तर केंद्रकातल्या जनुकांना कामाला लावावं लागतं.

ती जागा आत जाऊन पाहायला हवी. आणखी लहान व्हा.

माशीचा अख्खा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात १ लाख ३९ हजारांहून अधिक चेतापेशी. हा नकाशा २०२४ साली पूर्ण झाला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना अळंबीच्या आकाराचा एकेक भाग आहे, म्हणून त्याला मशरूम बॉडी म्हणतात. प्रत्येकात ‘केनियन पेशी’ नावाच्या सुमारे दोन हजार चेतापेशी. वासाची खबर इथे पोचते, आणि एका वासाला दोन हजारांतल्या थोड्याच पेशी जाग्या होतात. त्यांतल्या एका पेशीत शिरा.

वास आला. पेशीत कॅल्शियम घुसलं. त्याच क्षणी झटका बसला आणि शेजारच्या चेतापेशीनं डोपामिन हे रसायन सोडलं. रुटाबागाचं एन्झाइम या दोन खबरा एकत्र येण्याचीच वाट पाहत असतं. नुसत्या वासानं किंवा नुसत्या झटक्यानं ते पुरेसं चेतत नाही. दोन्ही जुळले की सायक्लिक एएमपीची पातळी चढते. त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम मोकळं होतं. सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, ते लगेच फेरफार करतं. तीच ती मिनिटं-तासांची आठवण.

पहिला धडा संपला आणि विश्रांती सुरू झाली. बाहेरून पाहणाऱ्याला माशी नुसती बसलेली दिसते. पेशीत मात्र काम आता जोरात चाललं आहे. एमएपी कायनेज नावाचं दुसरं एन्झाइम हळूहळू चेततं, शिगेला पोचतं आणि पुन्हा ओसरतं. ही लाट उठायला आणि बसायला वेळ लागतो. ती बसण्याआधी पुढचा धडा आदळला तर वेगवेगळ्या लाटा तयारच होत नाहीत. पंधरा मिनिटांनी दुसरा धडा, दुसरी लाट. तिसरा धडा, तिसरी लाट.

आता केंद्रकाच्या भिंतीतल्या छिद्रातून आत चला. सगळीकडे डीएनए, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला. माशीची प्रथिनं बनवणारी सुमारे चौदा हजार जनुकं इथे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी या क्षणी गप्प आहेत. डीएनएवर ठिकठिकाणी एक छोटा क्रम दिसतो, आठ अक्षरांचा: टीजीएसीजीटीसीए. त्याला चिकटून बसणाऱ्या प्रथिनाचं नाव क्रेब. ते जनुकाजवळ असतं, पण खूण मिळाल्याशिवाय जनुक चालू करत नाही. सिनॅप्सकडून आलेली एन्झाइमं त्याच्यावर फॉस्फेटचा एक गट चढवतात, आणि ती खूण पटते. क्रेब दुसऱ्या प्रथिनांना बोलावून घेतं. ती हिस्टोनांवर ॲसिटिल गट बसवतात, गुंडाळी सैल होते आणि उघड्या पडलेल्या जनुकावर आरएनए पॉलिमरेज सरकू लागतं. त्याच्या मागे संदेशवाहक आरएनएचा धागा लांबत जातो. तो केंद्रकाबाहेर पडेल, त्यावरून प्रथिनं बनतील आणि ती सिनॅप्सना पोचतील.

इथे थोडं थांबून जे पाहिलं त्याचा अर्थ लावू. एका वासाची आणि एका झटक्याची खबर पेशीच्या केंद्रकापर्यंत आली आणि तिनं जनुक चालू केलं. जनुक म्हणजे जन्माच्या वेळी मांडलेली आणि पुढे कधी न बदलणारी पत्रिका, अशी समजूत घेऊन आपण इथवर आलो असू, तर ती याच जागी सोडून द्यायला हवी. जनुकाचा मजकूर जन्माचा असतो. तो कधी वाचायचा आणि किती वाचायचा, यात मात्र त्या दिवशीच्या अनुभवाचाही वाटा असतो.

त्याच जागी, त्याच वर्षी

दीर्घकाळची आठवण क्रेबमुळेच घडते कशावरून? पुन्हा माणसाएवढे व्हा आणि शेजारच्या टेबलाकडे वळा. जेरी यिन यांनी माश्यांमध्ये एक वेगळं जनुक घातलं आहे. त्यातून क्रेबचं असं रूप बनतं जे खऱ्या क्रेबला अडवतं. पण हे जनुक एरवी बंद असतं. माश्यांना ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवलं तरच ते चालू होतं.

या युक्तीचं महत्त्व लक्षात घ्या. डन्ससारख्या माशीत बिघाड जन्मापासून असतो, त्यामुळे शंका राहते: तिचा मेंदू घडतानाच काही राहून गेलं असेल का? इथे ती शंका फिटते. माशी पूर्ण वाढलेली आहे, मेंदू निरोगी आहे. धड्याच्या तीन तास आधी तिला ऊब दिली आणि क्रेब अडवलं. ती नेहमीसारखी शिकते. तिची थोड्या वेळाची आठवणही ठीक असते. पण विश्रांती घेऊन दहा धडे झाले तरी दीर्घकाळची आठवण तिच्यात तयार होत नाही. गेली ती फक्त तेवढीच. चेतापेशीतलं एक नियामक प्रथिन काही तास रोखलं आणि स्मृतीचा एक अख्खा प्रकार पुसला गेला.

ह्यूस्टन, २००४

पण यिन आणि टली यांनी १९९५ साली आणखी एक मोठा दावा केला होता: क्रेबचं उत्तेजक रूप वाढवलं तर माशी एकाच धड्यात दीर्घकाळचं लक्षात ठेवते. बातमी जगभर गेली. एका धड्यात पाठ, हे कुणाला नको असेल?

ह्यूस्टनमध्ये रोनाल्ड डेव्हिस यांच्या गटानं तो प्रयोग पुन्हा केला. क्रेब अडवलं की दीर्घकाळची आठवण जाते, हा निष्कर्ष टिकला. एका धड्यातल्या आठवणीचा मात्र टिकला नाही. त्यांनी मूळ माश्यांमधलं ते जनुक वाचून पाहिलं, तेव्हा त्यात एक उत्परिवर्तन सापडलं: प्रथिन अर्ध्यातच तुटून पडेल असं. ज्या उत्तेजकाला श्रेय मिळालं होतं, तो त्या माश्यांमध्ये नीट बनतच नव्हता.

या मुक्कामी आवर्जून यावं, कारण विज्ञानाचं बळ इथे दिसतं. गाजलेला निकाल कुणीतरी शांतपणे, अक्षर-अक्षर लावून तपासला. आणि त्यातून स्मृतीबद्दलही काही कळलं. विश्रांतीला सहज पर्याय मिळत नाही. २००९ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्येच यी झोंग यांच्या गटानं दाखवलं की एमएपी कायनेजच्या त्या लाटांवर कॉर्कस्क्रू या जनुकाचं नियंत्रण असतं. त्यात ठरावीक बिघाड असलेल्या माश्या पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनं दीर्घकाळचं शिकत नाहीत. विश्रांती लांबवली, की त्याच माश्या शिकतात. माणसात याच्याच जोडीच्या जनुकातल्या बदलांमुळे नूनन सिंड्रोम होतो. त्यात काही मुलांना शिकायला अडचण येते. माशीच्या बाबतीत तरी उत्तर असं निघालं: ती मंद नव्हती, तिला दिलेलं अंतर अपुरं होतं.

तोक्यो आणि लंडन, २०१८

तोक्योत मिनोरु साइतोए यांचा गट त्या विश्रांतीच्या मिनिटांत आणखी खोल गेला आहे. चेतलेलं एमएपी कायनेज क्रेबबरोबर मिळून सी-फॉस या दुसऱ्या नियामकाला वाढवतं. सी-फॉस पुन्हा क्रेब वाढवतं. प्रत्येक विश्रांतीत हे चक्र एकदा फिरतं आणि अखेरीस मशरूम बॉडीतल्या थोड्या पेशींमध्ये क्रेबची पातळी चढलेली राहते. आठवण त्या निवडक पेशींत वस्तीला येते.

दुसरा मुक्काम कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडनचा. इथे धडा वेगळा आहे. एका नराला सात तास अशा मादीबरोबर ठेवलं आहे, जिचं मीलन आधीच झालेलं आहे. तो तिच्यामागे जातो, पंख थरथरवून गातो, आणि ती त्याला झिडकारते. पुन्हा आणि पुन्हा. दुसऱ्या दिवशी तो अशा माद्यांच्या मागे कमी जातो. विजेचा झटका नाही, यंत्र नाही. माशीच्या रोजच्या जगण्यातलाच अनुभव.

जेमी क्रेमर यांच्या गटाला पाहायचं आहे की या अनुभवानंतर कोणती जनुकं हलतात. अडचण अशी की मशरूम बॉडीच्या पेशी डोक्यातल्या बाकीच्या पेशींत मिसळलेल्या. म्हणून त्यांनी माश्यांमध्ये अशी व्यवस्था केली आहे की फक्त मशरूम बॉडीतल्या पेशींच्या केंद्रकांवर एक ओळखचिन्ह उमटतं. डोकी गोठवायची, भरडायची आणि चिन्ह असलेली केंद्रकं चुंबकी कणांनी वेचून काढायची. मग त्यांच्यातला आरएनए वाचायचा.

धड्यानंतर एका तासानं मशरूम बॉडीतल्या तीनशेच्या आसपास जनुकांची पातळी बदललेली दिसते. चोवीस तासांनी हा आकडा वीसच्या आसपास येतो. आठवण तर तेव्हाही आहे! जनुकांची धावपळ शांत झाली आहे आणि तिनं घडवलेलं मागे राहिलं आहे. वाढलेल्या जनुकांत सायक्लिक एएमपीच्या मार्गातली, सिनॅप्समधून संदेश सोडण्याच्या कामातली जनुकं ठळकपणे आहेत. डन्स आणि रुटाबागा ज्या रस्त्यावर सापडले होते, त्याच रस्त्याची डागडुजी अनुभवानंतर केंद्रक करून घेतं. आणि संपूर्ण डोकं एकत्र वाचलं तर यातलं बरंचसं दिसतच नाही. कोणती पेशी आणि कोणती वेळ, हे नेमकं धरलं तरच जनुकं बोलतात.

पॅरिस, २०१३

हे सगळं फुकट होत नाही. जाता जाता पाच वर्षं मागे, पॅरिसला. पिएर-इव्ह प्लासे आणि तोमा प्रेया यांनी माश्यांना उपाशी ठेवून झटक्याचे धडे दिले आहेत. उपाशी मेंदू ही खर्चिक दीर्घकाळची आठवण बनवणं बंद करतो. ती जबरदस्तीनं सुरू ठेवली तर उपाशी माशी लवकर मरते. नवीन प्रथिनांना ऊर्जा लागते आणि ती जगण्याच्या वाट्यातून जाते. केंद्रकापर्यंत पोचायला इतक्या खुणा, इतक्या लाटा का लागतात, याचं एक कारण इथे दिसतं. प्रत्येक क्षण जपून ठेवणं या जिवाला परवडणारं नाही. पुन्हा पुन्हा, अंतरानं घडणारी गोष्ट बहुधा खरी असते. तिच्यासाठी खर्च करावा.

नायमेखन, २०११

शेवटचा मुक्काम नेदरलँड्सचा. रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेली मुलं तपासायला येतात. त्यांतल्या काहींना क्लीफस्ट्रा सिंड्रोम आहे; ईएचएमटी १ या जनुकाची एक प्रत त्यांच्यात निकामी असते. हे जनुक जे एन्झाइम बनवतं ते हिस्टोनांवर मेथिल गट बसवतं, म्हणजे गुंडाळी किती घट्ट राहावी यात भाग घेतं. माशीत याला जोडीचं जनुक आहे. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांना माशीत अशी जोड सापडते.

अनेट शेंक आणि हान्स फान बोकहोफेन यांच्या चमूत तेव्हा क्रेमर होते. ईएचएमटी नसलेल्या माश्या जगतात, उडतात, पण झिडकारल्याची आठवण त्यांच्यात टिकत नाही. मग त्यांनी ते जनुक परत दिलं. अळीत नव्हे, कोषात नव्हे. पूर्ण वाढ झालेल्या माशीत. आणि आठवण परत आली.

या निकालापाशी थांबून त्याचं वजन नीट जोखा. जन्मापासूनचा दोष, सगळ्या वाढीत सोबत असलेला, आणि तरी प्रौढ वयात नियमन सावरल्यावर स्मृती सावरली. माशीवरून मुलाकडे एका उडीत जाता येत नाही. या मुलांसाठी यातून औषध निघालं, असं कुणी म्हणू नये. पण ‘मेंदू घडतानाच बिघडला, आता काही होणे नाही’ हे वाक्य आपोआप खरं मानायचं कारणही आता उरलेलं नाही.

इथून तुम्ही आपल्या काळात परत याल. एखाद्या शाळेत कुणी एखाद्या मुलाबद्दल सहज म्हणेल, ‘मुळातच डोकं नाही,’ किंवा ‘रक्तातच असावं लागतं.’ पन्नास वर्षांच्या या प्रवासात तुम्ही जे पाहिलं ते त्या वाक्याशी जुळत नाही. जनुकं बिघडली की शिकणं अडतं, हे खरं. डन्स माशीनं ते दाखवलं. पण शिकणंही जनुकांना हलवतं, आणि त्याला वेळ लागतो, अन्न लागतं, दोन धड्यांमध्ये उसंत लागते. एका माशीला पंधरा मिनिटं पुरतात, दुसरीला त्याहून जास्त. वेळापत्रकातला रिकामा तास, मधल्या सुट्टीतला डबा, सावकाश शिकणाऱ्यासाठी पुन्हा एकदा घेतलेला तोच धडा, ही शिक्षणातली सवलत समजली जाते. केनियन पेशीच्या केंद्रकात उभं राहून पाहिलं तर शिक्षणाचा अर्धा भाग त्याच उसंतीत होत असतो. तो कापून आपण वेळ वाचवत नाही. धडा दिला जातो आणि आठवण घडायची राहून जाते.